जे-१ वरून एच-१बी: आधी पाचवा रकाना वाचा

निपाणीच्या एका वाचकांचे चिरंजीव २०२३ पासून अमेरिकेतल्या विद्यापीठात जे-१ या विनिमय-कार्यक्रमाच्या व्हिसावर संशोधन करताहेत. त्यांच्या डीएस-२०१९ ची, म्हणजे जे-१ साठी विद्यापीठाने दिलेल्या फॉर्मची, मुदत ३० जूनला संपते आणि एक खासगी कंपनी त्यांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर घ्यायला तयार आहे. व्हिसावर दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीचा शेरा आहे, म्हणून वडिलांनी एका एजंटाला ‘नोरी’साठी, म्हणजे भारतात परतण्याचं बंधन नाही अशा भारत सरकारच्या प्रमाणपत्रासाठी, आगाऊ पैसे दिले. खानापूर-चिकोडीकडूनही अशीच पत्रं येतात. सगळीकडे एजंट आधी गाठलेला असतो, कागद नंतर उघडलेला.

व्हिसावरचा शेरा हा शेवटचा शब्द नव्हे. अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२(ई) ची ही अट तीन कारणांनी लागते: सरकारी पैसा, कौशल्य-यादीतला (मायदेशाला गरज असलेला) विषय, किंवा डॉक्टरांचं पदव्युत्तर प्रशिक्षण. ९ डिसेंबर २०२४ ला भारत त्या यादीतून वगळला गेला, आणि हा बदल आधी गेलेल्यांनाही लागू आहे. म्हणजे केवळ यादीमुळे अट असेल तर ती उरलीच नाही. नोरी कशाला हवी? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून तसं लेखी मत मागवा.

मात्र डीएस-२०१९ च्या पाचव्या रकान्यात भारत किंवा अमेरिका सरकारचा पैसा दिसला, तर अट कायम आहे. पहिल्या दिवसापासूनचे सगळे फॉर्म तपासा. एका वर्षाची सरकारी फेलोशिपही पुरते. पुढचा पगार विद्यापीठाने दिला म्हणून अट पुसली जात नाही. ही तपासणी पैसे देण्याआधी व्हायला हवी होती.

अट असेल तर डीएस-३०३५ हा फॉर्म भरून अटीतून सूट मागावी लागेल. भारत सरकारची ना-हरकत हा नेहमीचा मार्ग; पैसा अमेरिकी सरकारचा असेल तर तो फारसा चालत नाही. नोरीसाठी राज्य सरकार आणि पासपोर्ट कार्यालय दोन्हीकडे जावं लागतं, आणि सीमाभागातली मुलं इथेच अडकतात: घर निपाणीत, पासपोर्ट कोल्हापूरच्या हॉस्टेलच्या पत्त्यावर. मग राज्याचं काम बेंगळुरूत, पासपोर्टचं पुण्यात. पत्ते जुळत नसतील तर फाइल महिनोन्‌महिने पडून राहते. किती, ते सांगता येत नाही.

सगळ्यात महाग चूक क्रमाची होते. अटीतून सूट देण्याची शिफारस एकदा झाली की डीएस-२०१९ ची मुदत वाढत नाही. आणि दरवर्षीच्या लॉटरीतून मिळणाऱ्या एच-१बीवर काम लवकरात लवकर १ ऑक्टोबरला सुरू होतं. एफ-१ विद्यार्थ्यांना मधल्या काळासाठी जे संरक्षण मिळतं, ते जे-१ ला नाही. ३० जूननंतर फक्त ३० दिवस, तेही काम न करता. म्हणून मुदतवाढ आधी, सप्टेंबरअखेरपर्यंतची, शिफारस त्यानंतर. संशोधकाला एकूण पाच वर्षांची मर्यादा असल्याने वाव आहे, पण ती विद्यापीठाच्या मर्जीवर.

जे-१ वरून एच-१बीत दर्जा-बदलाचा अर्ज प्रलंबित असताना गणपतीला घरी बोलावू नका. अमेरिका सोडली की तो अर्ज सोडून दिल्यासारखा होतो, आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशामुळे अमेरिकेबाहेरच्या उमेदवाराच्या नव्या एच-१बी अर्जावर सध्या १,००,००० डॉलर भरावे लागू शकतात. कंपनी ते भरेल असं धरू नका.

एजंटाचा पुढचा हप्ता थांबवा. चिरंजीवांना याच आठवड्यात विद्यापीठाच्या परदेशी संशोधक कार्यालयात मुदतवाढीचं विचारायला सांगा, आणि सगळे डीएस-२०१९ व फेलोशिपची पत्रं तिथल्या इमिग्रेशन वकिलाला दाखवायला सांगा.