थंड समुद्रातल्या स्क्विड आणि ऑक्टोपसमध्ये कॅडमियम हा विषारी धातू एवढा का साठतो?

मुख्य कारण त्यांची पाचकग्रंथी. शरीरातलं बहुतेक कॅडमियम, बऱ्याचदा ९०% च्या वर, त्या एकाच अवयवात अडकलेलं असतं आणि ते येतं खाण्यातून, म्हणजे खेकडे, छोटे कवचधारी प्राणी वगैरे जे त्यांचं रोजचं जेवण आहे. गंमत म्हणजे हे प्राणी फारसे जगतच नाहीत, बऱ्याच जाती वर्ष-दोन वर्षं, पण खातात प्रचंड आणि वाढतात झपाट्याने, म्हणून एवढ्या कमी वेळातही साठा मोठा होतो.

आणि हे सगळं कारखान्यांचं प्रदूषण समजू नका. दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गेलेन बेटांजवळ, जिथे उद्योग जवळपास नाहीतच, तिथल्या ऑक्टोपसमध्येही कॅडमियम खूप सापडलंय. थंड समुद्रात खोलचं पाणी वर येतं, त्याच्यासोबत नैसर्गिक कॅडमियमही येतं आणि प्लवकांमार्फत (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) अन्नसाखळीत वर सरकतं.

तांब्याचं वेगळं, ते त्यांना लागतंच, कारण रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोसायनिनमध्ये तांबं असतं. पारा मात्र मांसातही बऱ्यापैकी असतो.

खायचं असेल तर आतडी-ग्रंथी पूर्ण काढून टाका, शिजवून कॅडमियम जात नाही. खरी काळजी अल्बाट्रॉस (मोठे समुद्रपक्षी), सील, स्पर्म व्हेल यांची, ते अख्खं गिळतात.