क्लाउडचं बिल आणि सीएचा दुसरा ग्रुप

प्रश्न : माझं इतवारीत होलसेल कापडाचं दुकान आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सीए इंटरचा पहिला ग्रुप निघालाय. मिहानमध्ये नोकरीला असलेल्या तिच्या मावसभावाने सांगितलं की कंपन्यांचा क्लाउडचा खर्च आटोक्यात ठेवणाऱ्यांना, म्हणजे फिनऑप्सवाल्यांना, आता चांगली मागणी आहे. तेव्हापासून ती सीए सोडून तिकडे जायचं म्हणते. एक क्लास ८५ हजार रुपये मागतोय आणि नोकरीची हमी देतोय. हे काम खरंच असतं का? सीए सोडू द्यावं का?
– एक पालक, महाल, नागपूर

उत्तर : काम खरं आहे, आणि तुमच्या मुलीने आजवर जे शिकलंय ते त्यात थेट उपयोगी पडतं. म्हणूनच सीए सोडणं मला पटत नाही. क्लासच्या हमीबद्दल शेवटी लिहितो.

पूर्वी कंपनीला सर्व्हर, म्हणजे तिचं काम चालवणारा मोठा संगणक, घ्यायचा तर कोटेशन, परचेस ऑर्डर, साहेबांची सही असा रस्ता होता. क्लाउडमध्ये सर्व्हर भाड्याने मिळतो आणि भाडं तासावर, सेकंदावर किंवा जीबीवर मोजलं जातं. कालपरवा रुजू झालेला इंजिनिअरही दोन क्लिकमध्ये खर्च सुरू करू शकतो आणि अकाउंट्सला तो पुढच्या महिन्याच्या बिलात कळतो. इंजिनिअरला भाव माहीत नसतो, अकाउंटंटला वस्तू माहीत नसते. या दोघांच्या मध्ये बसून हिशेब लावणारा माणूस म्हणजे फिनऑप्सवाला. या क्षेत्राची फिनऑप्स फाउंडेशन ही संस्था २०१९मध्ये सुरू झाली आणि २०२०मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली आली. म्हणजे धंदा नवा आहे, पण हवेतला नाही.

आता तिच्या अभ्यासाचा संबंध बघा. समजा कंपनीने एप्रिलमध्ये वर्षभराच्या सवलतीच्या करारासाठी १२ लाख रुपये आगाऊ भरले. रोखीच्या हिशेबात एप्रिलचा खर्च आभाळाला भिडतो आणि बाकीचे महिने स्वस्त दिसतात. खरा खर्च महिन्याला १ लाख. बी.कॉम.ची मुलगी याला प्रीपेड म्हणून मोकळी होईल, इंजिनिअरला मात्र हे समजवावं लागतं. तसंच एका डेटाबेसवर तीन विभाग काम करत असतील तर त्याचा खर्च कोणाच्या माथी किती मारायचा, हे कॉस्टिंगमधलं अपोर्शनमेंटच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिल वाढलं म्हणजे उधळपट्टी झाली असं नसतं. ४ लाखांचं बिल ५ लाख झालं, पण ऑर्डरी ४० हजारांवरून ६२,५०० झाल्या, तर दर ऑर्डरीमागचा खर्च १० रुपयांवरून ८ वर आला. अशा कंपनीत बिल कापायला निघालेला माणूस धंद्याचं नुकसान करील. यात रुपया-डॉलरचा दर, १८ टक्के जीएसटी आणि त्याचं इनपुट क्रेडिट हेही येतं.

पण कॉमर्सचं पुस्तक इथे संपतं. बिलातली ओळ बघून मागे कुठलं यंत्र चालू आहे हे ओळखता आलं नाही, तर ती फक्त एक्सेलमध्ये रंग भरत बसेल. एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचं, उदाहरण घेतो, कारण सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

चाचणीसाठीचे सर्व्हर रात्रंदिवस चालू असतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते रात्री ८ एवढेच चालवले तर आठवड्याच्या १६८ तासांपैकी ६० तासच लागतात, म्हणजे सर्व्हरच्या भाड्यात सुमारे ६४ टक्के बचत. मात्र सर्व्हर बंद केला तरी त्याला जोडलेल्या डिस्कचं भाडं चालूच राहतं, त्यामुळे एकूण बिल तेवढं खाली येत नाही. आरडीएस या सेवेतला डेटाबेस बंद करून ठेवला तर सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा चालू होतो. हे माहीत नसलेला माणूस अहवालात बचत दाखवतो आणि पुढच्या बिलाला तोंडघशी पडतो.

नॅट गेटवेची ओळ तिने नीट समजून घ्यावी. खासगी नेटवर्कमधल्या सर्व्हरला बाहेर जायची ही वाट. तिचं तासाचं भाडं वेगळं आणि तिच्यातून गेलेल्या प्रत्येक जीबीचे पैसे वेगळे. रोजचा बॅकअप त्याच रीजनमधल्या (एडब्ल्यूएसच्या त्याच भौगोलिक विभागातल्या) एसथ्री या साठवणुकीत पाठवताना तो या वाटेने गेला तर नाहक टोल भरावा लागतो. त्याऐवजी एसथ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट ही थेट वाट लावली की तो खर्च थांबतो, आणि त्या एंडपॉइंटला वेगळे पैसे पडत नाहीत. बारीकसारीक गळती तर कितीतरी असते. फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकाला) तासाला अर्धा सेंट पडतो, म्हणजे महिन्याला साधारण ३.६५ डॉलर. असे ४० पत्ते विसरले गेले की १४६ डॉलर गेले. क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेतले लॉग, म्हणजे यंत्रांच्या कामाच्या नोंदी, मुदत घातली नाही तर कधीच पुसले जात नाहीत.

सवलतीच्या करारात नवशिके हमखास फसतात. एक किंवा तीन वर्षांच्या सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये तुम्ही दर तासाला अमुक डॉलरचा वापर करू अशी हमी देता. एखाद्या तासात तेवढा वापर झाला नाही तर उरलेला पुढे सरकत नाही, बुडतो. म्हणून आधी मोठे सर्व्हर आकाराने लहान करायचे, रात्रीचे बंद करायचे, एक महिना वापर बघायचा आणि मग कमीत कमी जेवढा वापर चोवीस तास असतोच त्याच्यावर करार करायचा. उलट क्रमाने गेलात तर सर्व्हर बंद करूनही पैसे करारात जातच राहतात. एवढा क्रम आणि त्यामागचं कारण मुलाखतीत सांगता आलं, तर समोरचा सरसावून बसेल.

बजेटबद्दलही गैरसमज आहे. एडब्ल्यूएस बजेट्समध्ये मर्यादा घातली की खर्च थांबतो असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. नुसत्या मर्यादेने फक्त इशाऱ्याचा मेल येतो, काही बंद करायचं असेल तर ती कृती वेगळी जोडावी लागते. खर्चाचे आकडेही काही तास उशिरा येतात, त्यामुळे रात्री झालेला घोटाळा सकाळीच दिसतो. ५०, ८० आणि १०० टक्क्यांवर इशारे लावावेत. अंदाजावर आधारलेला इशारा नव्या खात्यात कामाचा नाही, त्याला सुमारे पाच आठवड्यांचा वापर जमा व्हावा लागतो. आणि खर्च कोणाचा हे कळायला प्रत्येक वस्तूला विभाग, प्रकल्प, जबाबदार व्यक्ती असे टॅग, म्हणजे लेबलं, लागतात. टॅग लावून भागत नाही, बिलिंगमध्ये जाऊन ते सक्रियही करावे लागतात. ही पायरी सर्रास राहून जाते.

तिने सुरुवात घरीच करावी. एडब्ल्यूएसवर स्वतःचं खातं उघडलं की सर्वात आधी रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य, खात्याला एमएफए (पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी) लावायचं आणि ५ डॉलरचं बजेट ठेवायचं. नंतरच एक छोटा सर्व्हर चालवून त्याची ओळ बिलात शोधायची आणि काम झालं की सर्व्हर, डिस्क, आयपी पत्ता सगळं काढून टाकायचं. ॲक्सेस की, म्हणजे खात्याची गुप्त किल्ली, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कधीही टाकायची नाही. चोरटे ती शोधतच असतात आणि कार्ड तुमचं असणार. जोडीला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, पक्कं हवं. बिलाचा तपशील लाखो ओळींचा असतो, तिथे एक्सेल हात टेकतं. वेगवेगळ्या कंपन्यांची बिलं एका साच्यात आणणारा फोकस नावाचा नमुना आहे. त्याचा सरावासाठीचा डेटा फुकट मिळतो. त्यावर ‘बिल्ड (billed) कॉस्ट’, म्हणजे बिलात आलेली रक्कम, आणि ‘इफेक्टिव्ह कॉस्ट’, म्हणजे आगाऊ भरलेले पैसे वाटून निघालेला खर्च, यांतला फरक महिनावार काढून दाखवला तर तो तिच्या रेझ्युमेवरचा पहिला प्रकल्प झाला. लिनक्स आणि नेटवर्किंगची तोंडओळख पुरे.

एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर या पायाभूत प्रमाणपत्राची परीक्षा १०० डॉलर अधिक कर, ६५ प्रश्न, ९० मिनिटं. घरी अभ्यास करून निघते. फिनऑप्सचं प्रमाणपत्र नंतर घेतलं तरी चालेल.

८५ हजार घेऊन क्लास देतो ती नोकरीची हमी मात्र मला मान्य नाही. फ्रेशरसाठी ‘फिनऑप्स’ नावाची जागा क्वचितच निघते. लोक क्लाउड सपोर्ट, ऑपरेशन्स, बिलिंग अ‍ॅनालिस्ट किंवा आयटी कंपनीच्या फायनान्स विभागातून इथे सरकतात. मिहान आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये तिने याच नावांनी जागा शोधाव्यात. या कामाच्या जागा पुणे, हैदराबाद, बंगळुरूला जास्त आहेत. घरून काम बहुधा अनुभवी माणसालाच मिळतं. क्लासवाल्याला एवढंच विचारा की हमी लेखी देता का, नोकरी नाही लागली तर किती दिवसांत किती पैसे परत, आणि मागच्या बॅचमधली मुलं कुठल्या पदावर लागली. ‘आयटी कंपनीत’ एवढंच उत्तर आलं तर पैसे भरू नका.

सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे आणि तिच्या शेवटच्या टप्प्यात इंडस्ट्रियल ट्रेनिंगची सोय आहे. ते आयटी कंपनीच्या फायनान्समध्ये मिळालं तर दोन्ही गोष्टी जुळतात. सीए झेपत नसेल तर सीएमएचा, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या अभ्यासक्रमाचा, विचार करा, कारण कॉस्टिंग तिथे जास्त खोल आहे. इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा होते. त्यामुळे दुसऱ्या ग्रुपचा फॉर्म आधी भरू द्या आणि परीक्षा होईपर्यंत क्लाउडला रविवारचे दोन तास ठेवा. एडब्ल्यूएसचं खातं तिच्याच नावाने उघडा, पण कार्ड तुमचं देणार असाल तर बजेटच्या इशाऱ्यांत तुमचाही ईमेल घाला.