‘माझी तक्रार नाही’ असे देवाला सांगू नका
वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरे

प्रश्न : पाळकसाहेबांना प्रभू येशूच्या नावात सलाम. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. वय ४४. आजोबांच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती आहोत. रविवारची उपासना मी सहसा चुकवत नाही आणि रात्री जेवणाआधी घरची प्रार्थनाही मीच चालवतो. दोन वर्षांपूर्वी आई आजारी पडली. सगळ्या मंडळीने तिच्यासाठी उपास-प्रार्थना केली, तरी ती गेली. देवाची इच्छा होती, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण अलीकडे प्रार्थनेला बसलो की भिंतीशी बोलल्यासारखे वाटते. शब्द तोंडातून जातात आणि मन लेथवरच्या जॉबपाशी असते. देवाशी माझे नाते अधिक जवळचे व्हावे म्हणून प्रार्थनेची कोणती पद्धत धरावी?

उत्तर : तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा ‘त्याबद्दल माझी काही तक्रार नाही’ या वाक्याशी अडलो. त्याच्या पुढचेच वाक्य ‘पण’ने सुरू होते. तुम्ही पद्धत विचारली आहे, परंतु अडचण पद्धतीची असावी असे मला वाटत नाही. ज्या एका विषयावर तुम्हाला देवाशी बोलायचे आहे, तो वगळून बाकी सगळ्या विषयांवर तुम्ही गेली दोन वर्षे त्याच्याशी बोलत आहात. नवराबायकोत असे झाले तर काय होते, ते घरोघरी ठाऊक आहे. दुधाचा हिशेब, मुलांची फी, गॅसचा नंबर हे सगळे बोलणे सुरळीत चालते, आवाजही कोणी चढवत नाही आणि तरी दोघांच्या मध्ये भिंत उभी असते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय आज रात्री काढून बसा. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर येशू बेथानीला पोहोचतो. मार्था त्याला वाटेतच गाठते आणि म्हणते, प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरिया येते, त्याच्या पाया पडते आणि जवळजवळ शब्दशः तेच वाक्य बोलते. दोघी बहिणींच्या तोंडी एकच वाक्य आले, ते मला योगायोगाचे वाटत नाही. त्या चार दिवसांत घरात हेच बोलणे चालले असणार. आपल्याकडेही मयताच्या घरी बसायला गेले की ‘एक दिवस आधी नेले असते तर’ हे वाक्य भिंतीला टेकून बसलेले असतेच. येशू त्या दोघींपैकी कोणालाही गप्प करत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो आणि मरियेचे रडणे पाहून स्वतः रडतो. तुमचे वाक्यही तेच आहे : प्रभू, तू येथे असतास तर माझी आई गेली नसती. त्या बहिणी ते त्याच्या तोंडावर बोलल्या. तुम्ही ते मनात ठेवून त्याच्यापुढे जेवणाचे आभार मानता.

यात दोष एकट्या तुमचा नाही, आम्हा पाळकांचाही आहे. अमेरिकन मिशनरी वाइल्डर दांपत्य १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून या भागात प्रॉटेस्टंट मंडळ्या उभ्या राहिल्या आणि प्रार्थनेची एक नीटनेटकी, अदबशीर मराठी घरोघरी पाठ झाली. त्या भाषेने आम्हाला पुष्कळ दिले. पण सांत्वनाच्या उपासनेत आम्ही मुले व संपत्ती गमावलेल्या ईयोबाचे ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे पहिल्या अध्यायातले वचन वाचतो आणि पुस्तक मिटतो. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे एकतिसाव्या अध्यायापर्यंत मित्रांशी व देवाशी भांडत राहतो. शेवटी परमेश्वर सांगतो की, माझ्याविषयी जे योग्य ते ईयोब बोलला, त्याचे मित्र बोलले नाहीत. मित्र तर सगळा वेळ देवाचीच बाजू घेत होते! हे मी माझ्या सेवेच्या काळात व्यासपीठावरून किती वेळा वाचले, ते सांगायला मला संकोच वाटतो.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतली बहुतेक शेवटी विश्वासाकडे वळतात, पण ८८ वे स्तोत्र तेवढेही करत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. ज्यांनी ही स्तोत्रे एकत्र केली, त्यांनी ते गाळले नाही.

तेव्हा पद्धत म्हणून एवढेच करा. १३ वे स्तोत्र घ्या. त्याची सहाच वचने आहेत आणि पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा ‘कोठवर’ म्हणून विचारतो. ते मोठ्याने वाचा आणि मग तुमचे स्वतःचे चार ‘कोठवर’ विचारा, त्यांत आईचे नाव येऊ द्या. या स्तोत्राच्या अखेरीस भरवशाचे शब्द येतात, त्यांच्याकडे धावत जाऊ नका. पहिल्या दोन वचनांवरच महिना गेला तरी हरकत नाही. घरात हे मोठ्याने बोलणे अवघड असेल तर पहाटे रंकाळ्यावर जा. कानात यंत्र घालून एकट्याने हातवारे करत बोलणारी इतकी माणसे तेथे असतात की तुमच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही.

मन जॉबपाशी जाते, त्याविषयी. माझे वडील पन्हाळा तालुक्यात गुळवे होते. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत तापू लागला की सर्वांत आधी मळी वर येते, काळपट, फेसाळ, पाहवणार नाही अशी. तिला वर आणण्यासाठी वडील रसात भेंडीचे पाणी सोडत आणि मग काहिलीच्या कडेने फिरत ती निगुतीने काढत राहत. मळी आली म्हणून चुलवाण विझवलेले मी कधी पाहिले नाही. चिपाडे सारणारा गडी सारतच असे. तुम्ही शांत बसता तेव्हा कामाची काळजी वर येणारच. तिला ढकलून पुन्हा ‘आध्यात्मिक’ शब्दांकडे जाण्याऐवजी तीच देवापुढे मांडा : बोअर दोन शतांश मोठा झाला आहे, माल परत येईल अशी भीती वाटते, मालकापुढे कसे उभे राहू. ती बोलून झाली की तिच्याखालचे वर येईल. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात स्वयंपाकघर सांभाळणारे ब्रदर लॉरेन्स म्हणत की, भांड्यांच्या गडबडीतही आपण गुडघे टेकलेले असताना जितके, तितकेच देवाजवळ असतो. लेथपाशी ते अशक्य असावे, असे मला वाटत नाही.

आठवड्याभरात मन भरून येईल असे आश्वासन मी देणार नाही. माझी पत्नी गेल्यानंतर ११ महिने मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करता आली नाही. रविवारी मंडळीपुढे करत होतो, पण ती नोकरी होती. घरी मी रोज रात्री एक स्तोत्र मोठ्याने वाचत असे आणि दिवा मालवत असे, कारण ती असताना आम्ही तसेच करत होतो. काही वाटत नव्हते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल लिहितो की, कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. त्या वचनावर मी अनेक वर्षे उपदेश केले होते. त्या ११ महिन्यांत मला ते उपयोगी पडले. तुमच्या आईची प्रार्थना करण्याची एखादी ठरलेली जागा किंवा वेळ असेल, तर तेथून सुरुवात करून पाहा.

प्रश्न : माझे लग्न होऊन दीड वर्ष झाले. लक्ष्मीपुरीत दोन खोल्यांत आम्ही सहा माणसे राहतो. येशूने सांगितले आहे की, खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर. आमच्या घराला दार एकच आहे आणि ते रस्त्यावर उघडते. माहेरी मला गच्चीवरची खोली होती. येथे आल्यापासून देवाशी एकटीने बोलणेच होत नाही. काय करावे?

उत्तर : मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ज्या ठिकाणी आपण ‘खोली’ वाचतो, तेथे मूळ ग्रीक शब्द ‘तामेइऑन’ असा आहे आणि त्याचा अर्थ कोठीची खोली असाही होतो. लूकाच्या बाराव्या अध्यायात, कावळ्यांना कणगी नाही आणि कोठार नाही असे येशू म्हणतो, तेथेही हाच शब्द आहे. म्हणजे धान्य, तेल, हत्यारे जेथे कोंबून ठेवतात, ती अंधारी जागा. प्रार्थनेसाठी सजवलेली खोली येशूच्या डोळ्यांपुढे नसावी; कोणी पाहणार नाही अशी जागा असावी, एवढेच. त्याला स्वतःला तीही नसे. मार्काच्या पहिल्या अध्यायात तो पहाटेच्या अंधारात उठून गावाबाहेर जातो आणि तेथेही शिमोन व इतर त्याला शोधत येतातच.

इंग्लंडमध्ये जॉन आणि चार्ल्स वेस्ली या बंधूंची आई सुझाना हिच्याविषयी असे सांगतात की, मुलांनी गजबजलेल्या घरात ती कमरेचे एप्रन डोक्यावरून ओढून बसे. मग आईला हाक मारायची नाही, हे मुलांना ठाऊक असे. तुम्हाला तर पदर आहे, ओढणी आहे. पहाटे पाणी येण्याच्या वेळी तुम्हीच उठत असाल, तर पिंप भरेपर्यंतची ती दहा-पंधरा मिनिटे तुमची धरा. नळाच्या आवाजात पुटपुटणे कोणाला ऐकू जात नाही.

आणि एक करा. सासूबाईंना विचारा की, त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हा प्रार्थना कोठे करत होत्या. त्यांना एखादी जागा सापडली असेलच, आणि तुम्ही विचारलेत तर त्या बहुधा ती तुम्हाला देतीलही.

प्रश्न : मी गडहिंग्लजची असून कोल्हापुरात होस्टेलवर राहून शिकते. वय १९. मोबाइलवरच्या योजनेप्रमाणे रोज तीन-चार अध्याय वाचून वर्षात पवित्र शास्त्र पूर्ण करण्याचा माझा नेम आहे. सप्टेंबरपर्यंत एकही दिवस चुकला नाही, पण काल काय वाचले ते आज आठवत नाही. नेम सोडला तर पाप होईल का?

उत्तर : नाही होणार. प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत आणि ते वर्षात वाचून काढणे हा चांगला व्यायाम आहे. संपूर्ण प्रदेशाचा नकाशा एकदा डोळ्यांखालून जातो. परंतु नकाशा पाहून कोणी त्या गावात राहायला जात नाही. पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचे ‘मनन’ करणारा माणूस येतो. तेथला हिब्रू शब्द हळू आवाजात पुटपुटण्याचा आहे. यशयाने तोच शब्द शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि पारव्याच्या घुमण्यासाठीही वापरला आहे. शब्द तोंडात घोळवायचा, दाताखाली धरायचा, असे काहीतरी. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या मठवासीयाने याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे नुसते असणे. चौथी सर्वांत अवघड, विशेषतः फोन हातात असताना.

पुढचा एक आठवडा योजना बंद ठेव. छापील पुस्तकातून मार्काच्या दहाव्या अध्यायातली बार्तीमयाची गोष्ट, वचने ४६ ते ५२, रोज तीच वाच. येशू त्या आंधळ्याला विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? भिकाऱ्याला असे विचारावे, हे पहिल्या दिवशी तुला चमत्कारिक वाटेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच प्रश्न तुला विचारला आहे असे धरून उत्तर लिही. परीक्षा, नोकरी, घरचे पैसे, जे असेल ते लिही आणि मला पाठवू नकोस.

प्रश्न : माझा नातू तरुण संघात गिटार वाजवतो आणि मोठ्याने प्रार्थना करताना देवाला ‘डॅडी’ म्हणतो. मला ते ऐकवत नाही. मी जुन्या वळणाचा आहे, की यात काही चुकते आहे?

उत्तर : दोन्ही थोडे थोडे खरे आहे. गेथशेमाने बागेत येशूने देवाला ‘अब्बा’ म्हटले; तो अरामी शब्द लहान मुलेच नव्हे, तर वाढलेले मुलगेही बापासाठी वापरत, तेव्हा त्यात जवळीक आहे तशी अदबही आहे. ‘डॅडी’मध्ये ती अदब मलाही ऐकू येत नाही.

परंतु आपल्या भाषेतली एक गंमत पाहा. आपल्या पिढीत वडिलांना ‘अहो’ म्हणत आणि आईला ‘अगं’. वडिलांना ‘तू’ म्हणण्याची माझी तरी छाती झाली नसती. असे असून आपण सगळे ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव’ असे बिनदिक्कत म्हणतो. म्हणजे मराठी माणसाने देवाला नाव बापाचे दिले आणि बोलला मात्र तो आईशी बोलावे तसा. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलेल्या आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्ताला आई आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी हाक मारली, आणि त्या काळच्या काही विश्वासणाऱ्यांनाही ते तुमच्यासारखेच खटकले असेल.

नातवाला चारचौघांत टोकू नका. एखाद्या संध्याकाळी त्याला गिटार घेऊन घरी बसवा, टिळकांचे एखादे भजन तुमच्या चालीत म्हणून दाखवा आणि मग त्याला त्याच्या शब्दांत प्रार्थना करू द्या. ‘आमेन’ तुम्ही म्हणा.