केळीचा वाख कच्चा की मोजणी कच्ची?

प्रश्न : आम्ही बचत गटाच्या बायका केळीच्या खोडाचा वाख (तंतू) काढतो. व्यापारी एकदा ‘मजबूत’ म्हणतो, पुढच्या खेपेला तसल्याच मालाला ‘कच्चा’ म्हणून भाव पाडतो. ताकद घरी मोजता येईल का?
— एक वाचक भगिनी, ता. रावेर

उत्तर : येईल, ताई. तंतू तोडण्यातच माझी सारी नोकरी गेली, म्हणून सांगतो. हाताने ताणून ‘तुटला, कच्चा’ म्हणणं म्हणजे मोजणी नव्हे. जाड तंतू जास्त वजन पेलणारच. जाडीच्या मानाने किती पेलतो, ते बघायचं.

वेगवेगळ्या पेंड्यांतून 100 तंतू घ्या. प्रत्येकाचा मधला 10 सेंटीमीटरचा तुकडा कापा. एकूण 10 मीटर झाले. सोनाराकडे मिलिग्रॅमपर्यंतचा काटा असतो, त्यावर ते तोला. 125 मिलिग्रॅम भरले, तर 1000 मीटरचं वजन 12.5 ग्रॅम. याला 12.5 टेक्स म्हणतात.

आता तोडायचं. जाड कागदाला खिडकी कापा, तिच्यावर उभा तंतू ठेवून दोन्ही टोकं डिंकाने चिकटवा. डिंक वाळला की कागद वरून टांगा, खालच्या कडेला प्लॅस्टिकचा पेला अडकवा आणि मगच खिडकीच्या दोन्ही बाजू कापा. सगळा भार तंतूवर आला की सलाइनच्या नळीने पेल्यात पाणी सोडा, थेंब थेंब. घाई केली तर आकडा फुगतो. तुटल्यावर पाणी, पेला आणि खालचा कागद एकत्र तोला. 500 ग्रॅम भरले, तर भागिले 12.5, म्हणजे टेक्समागे 40 ग्रॅम. असे निदान 30 तंतू तोडा.

डिंकाच्या कडेलाच तुटला तर तो आकडा टाकून द्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी घायपाताचे असले, यंत्राच्या चिमट्याच्या कडेला तुटलेल्या तंतूंचे आकडे मी बिनदिक्कत सरासरीत धरले होते. साहेबांनी कागद परत केला, वर लाल शाईत एवढंच : “तंतू तुटला की चिमटा चावला?”

व्यापाऱ्याला एक विचाराच : केवढा तुकडा ताणला? तंतू तुटतो तो त्याच्या सगळ्यात अशक्त जागी, आणि लांब तुकड्यात अशी जागा सापडणारच. त्यामुळे तोच वाख 1 सेंटीमीटरवर पहिलवान, 10 वर रोडका.

हवाही बघा. केळीचा वाख ओल पितो. श्रावणातली आणि मे महिन्यातली पेंडी वजनाला सारखी भरणार नाही, तुटण्याचा आकडाही हलेल. आपल्याकडे प्रयोगशाळेत 27 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता राखून, नमुना तिथे मुरवून मगच तपासतात. तुम्ही निदान एकाच दिवशी, एकाच खोलीत सगळे तोडा.

पण माझा खरा संशय सोपटांवर, म्हणजे खोडाच्या एकावर एक पदरांवर आहे. बाहेरच्या सोपटाचा वाख जाड नि काळपट, आतल्याचा बारीक नि उजळ. यंत्रात दोन्ही एकदम घालून एकाच पेंडीत बांधत असाल, तर व्यापाऱ्याच्या हाताला कधी हा लागतो, कधी तो. पुढच्या खोडापासून दोन ढीग वेगळे करा, प्रत्येकातले 30 तोडा आणि आकडे मला पाठवा.