ब्रूस्टर काउंटीतली स्वस्त जमीन: पैसे पाठवण्याआधी अल्पाइनच्या कोर्टहाऊसमध्ये काय पाहावे

तुमचा प्रश्न: अमेरिकेतल्या टेक्ससच्या ब्रूस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), टर्लिंग्वा गावाजवळ, २० एकर स्वस्तात मिळतेय, ऑनलाइन नोंदीत विक्रेत्याचे नाव दिसते, मग पैसे पाठवावेत का? अजून नको.

ती ऑनलाइन नोंद बहुधा अप्रेझल डिस्ट्रिक्टची असते. हे कार्यालय करासाठी किंमत ठरवते. तिथले नाव म्हणजे ज्याला बिल जाते तो. सातबारा जसा महसुली कागद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, तसेच हे. मालकी पाहायची ती काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या अल्पाइनमध्ये, काउंटी क्लार्कच्या दप्तरात. घेणाऱ्यांच्या सूचीत विक्रेत्याचे नाव शोधा, त्या डीडवरून (खरेदीखतावरून) आधीचा मालक काढा, असे मागे जात राहा. मग प्रत्येक नाव देणाऱ्यांच्या सूचीतही पाहा, म्हणजे मध्येच कुणी जमीन दुसऱ्याला विकली किंवा गहाण ठेवली होती का ते कळते. क्लार्क कागद नोंदवतो, हक्क तपासत नाही. विक्रेता क्विटक्लेम डीड देतो म्हणाला तर सावध व्हा: त्यात तो ‘माझा असेल तो हक्क’ देतो, आणि हक्क काहीच नसू शकतो. वॉरंटी डीडच मागा, त्यात विक्रेता हक्काची हमी देतो. साखळीत करथकबाकीच्या लिलावाची शेरीफ डीड दिसली तर तिच्या नोंदणीची तारीख पाहा. मूळ मालकाला जमीन सोडवून घ्यायला साधारण १८० दिवस मिळतात. राहते घर किंवा शेतीच्या दराने कर लागणारी जमीन असेल तर २ वर्षे. कोर्टातले दावे डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात, तेही विचारा.

आता रस्ता, कारण या भागात बहुतेक घोळ इथेच होतो. काउंटी ६,१९२ चौरस मैलांची, म्हणजे पुणे जिल्ह्याहून थोडी मोठी. २०२० च्या जनगणनेत वस्ती ९,५४६. अल्पाइन उत्तरेला, टर्लिंग्वा सुमारे ८० मैल दक्षिणेला. नकाशावरची प्रत्येक रेघ काउंटीचा रस्ता नसते. कमिशनर्स कोर्टाने स्वीकारलेल्या रस्त्यांचीच काउंटी देखभाल करते. बाकीचे खासगी, आणि पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला की वाहून जाणारे. (कमिशनर्स कोर्ट हे नावापुरते कोर्ट: काउंटी जज आणि चार कमिशनर मिळून बजेट, कराचा दर आणि रस्ते ठरवतात.) तुमच्या २० एकरांपर्यंत वहिवाटीचा हक्क नोंदलेला आहे का, हे लेखी पाहा. शेजाऱ्याची तोंडी परवानगी त्याने जमीन विकली की संपू शकते.

जमिनीचे वर्णन ब्लॉक आणि सेक्शनने असते, कारण मोजणी रेल्वे कंपन्यांच्या नावावर झाली. पूर्ण सेक्शन ६४० एकरांचा. जुन्या कागदांत व्हारा हे माप येते, १ व्हारा म्हणजे ३३⅓ इंच. परवानाधारक सर्व्हेअरकडून कोपरे दाखवून घ्या, जाहिरातीतल्या जीपीएस बिंदूवर विसंबू नका. खनिजहक्क बहुधा वेगळे काढलेले असतात, कधी राज्याकडे राखलेले. डीडमधला ‘राखून’ हा भाग शब्दन् शब्द वाचा.

पाण्यासाठी काउंटीच्या भूजल संवर्धन डिस्ट्रिक्टला आसपासच्या विहिरींची खोली विचारा. तिथे बरेच जण छतावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवतात किंवा टँकरने आणतात, तो खर्च किमतीत धरा. सेप्टिक टाकीचे (सांडपाण्याचे) नियम काउंटीकडेच विचारा. टेक्ससमध्ये काउंट्यांना झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधता येईल हे ठरवण्याचा, अधिकार जवळपास नाही, त्यामुळे शेजारी काय उभे राहील यावर तुमचा ताबा नसतो.

कर: बिले ऑक्टोबरच्या सुमारास निघतात, ३१ जानेवारीपर्यंत भरायची. १ फेब्रुवारीपासून ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज लागते, पुढे वाढत जाते. बिल मिळालेच नाही, ही सबब कायद्यात चालत नाही. म्हणून डीड नोंदवतानाच टपालाचा पत्ता बरोबर द्या. भारतात राहणाऱ्यांनी तर दर डिसेंबरात कर गोळा करणाऱ्या टॅक्स असेसर-कलेक्टरच्या कार्यालयाकडे स्वतः चौकशी करावी.