मामांचा मेंदू वाढला असेल का?

तुमचे प्रश्न दोन. लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा मेंदू वाढतो म्हणतात, मग सोलापुरात ३० वर्षं रिक्षा चालवणाऱ्या मामांचाही वाढला असेल का? आणि तुम्ही मोबाइलवर नकाशा लावून चालवता, तर तुमचं काय?

मी स्वतः २६ वर्षं स्टेशनच्या स्टँडवर काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची तर ‘नॉलेज’ नावाची परीक्षा द्यावी लागते. चेअरिंग क्रॉसपासून ६ मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते पाठ पाहिजेत. परीक्षक दोन ठिकाणं सांगतो, तुम्ही प्रत्येक रस्ता नि वळण नावानिशी म्हणून दाखवायचं. तयारीला तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर या संशोधिकेनं २००० साली अशा १६ चालकांचे मेंदू एमआरआयवर तपासले. वाटा लक्षात ठेवणारा हिप्पोकॅम्पस म्हणून भाग असतो, त्याची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी निघाली. जितकी जास्त वर्षं टॅक्सीवर, तितकी ती मोठी.

यावर कुणीही म्हणेल, मुळात ज्यांची मोठी तेच या धंद्यात टिकत असतील. म्हणून मग ७९ उमेदवारांना शिकायच्या आधीच तपासलं. तेव्हा फरक काही नव्हता. पुढं ३९ जण पास झाले आणि वाढ दिसली ती त्यांच्यातच. हे २०११ साली छापून आलं.

पण ‘मेंदू वाढला’ म्हणू नका. २००० सालच्या तपासणीत मागची बाजू मोठी, तशी पुढची लहान निघाली होती. एक किचकट आकृती दाखवून थोड्या वेळानं आठवून काढायला सांगितली, तर हे टॅक्सीवाले मागं पडले. मला अख्खी दाजी पेठ पाठ, पण घरून सांगितलेल्या पाच वस्तूंतल्या तीनच आणतो. याला लंडनचा आधार आहे असं सांगून पाहिलं. चाललं नाही.

आता मामा. २००६ साली त्याच बाईंनी टॅक्सीवाल्यांची तुलना लंडनच्याच बसचालकांशी केली. गर्दी तीच, स्टिअरिंग तेच, पण बसचा मार्ग ठरलेला. ती मागची बाजू टॅक्सीवाल्यांचीच मोठी. म्हणजे नुसतं गाडी चालवून भागत नाही, वाट आपली आपण काढावी लागते. मामांना ती रोज काढावी लागली असणार. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, बाळीवेशीतून नंदीध्वज ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघाले, की एकेक रस्ता बंद होत जातो आणि मागं बसलेला म्हणतो, गाडी चुकेल की ओ.

एकदा एक म्हातारी बसली, निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. पत्ता काय, तर ‘साखर पेठेत दुसऱ्या लूमचा आवाज आला की डावीकडं’. मी रिक्षा हळू केली, कान दिला, पहिल्या यंत्रमागाचा खडखडाट गेला, दुसरा आला, वळलो. घर बरोबर सापडलं. आता तिथले लूम बंद पडलेत, पण त्या गल्लीच्या तोंडाशी माझा पाय अजून ब्रेकवर जातो. मामांचं एमआरआय कुणी केलेलं नाही, तेव्हा छातीठोक सांगत नाही. पण माझं मत ‘हो’कडं झुकतं.

तुमचं मात्र बसवाल्यासारखं चाललंय. २०१७ च्या एका प्रयोगात लोकांना लंडनच्या सोहो भागातून पडद्यावर फिरवलं. स्वतः वाट शोधताना खूप फाटे असलेला रस्ता आला की हिप्पोकॅम्पस जोरात कामाला लागायचा. यंत्र सांगेल तसं वळताना ती हालचाल दिसली नाही. तेव्हा निघायच्या आधी नकाशा बघा, सात रस्त्याहून आसरा चौकापर्यंतची वळणं मनात म्हणा आणि फोन खिशात टाका. चुकाल. सिव्हिलला निघालेला पेशंट मागं असेल तेव्हा मात्र हे प्रयोग नकोत.

टॅक्सीवाल्यांना अल्झायमर होत नाही, असा निरोपही तुमच्याकडं येईल. अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदींवर २०२४ साली अभ्यास झाला, हे खरं. टॅक्सीचालकांच्या मृत्यूंत अल्झायमरचं प्रमाण साधारण १ टक्का, बसचालकांत ३. पण ज्यांना वाटा आठवेनाशा होतात ते हा धंदा आधीच सोडत असतील, ही शंका त्यातून फिटत नाही.

मामांना एवढंच विचारा: गड्ड्याच्या दिवशी स्टेशनहून कन्ना चौक कसा गाठाल? सांगताना त्यांचा हात हवेत वळतो का बघा. रिक्षा विकून चार वर्षं झाली, माझा अजून वळतो.