'तेनांगो' म्हणजे कोट. मग शेला कुठून आलं?

प्रश्न असा आहे: मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशाच्या नकाशावर केत्साल्तेनांगो, वेवेतेनांगो, चिमाल्तेनांगो, मासातेनांगो अशी एकाच शेपटाची गावं दिसतात. हे 'तेनांगो' आपल्या 'पूर'सारखं आहे का? आणि केत्साल्तेनांगोच्या बसवर 'शेला' का लिहिलेलं असतं?

'पूर'पेक्षा 'कोट' जास्त जवळचा. नावातला शब्द नाहुआत्ल भाषेतला आहे, म्हणजे मेक्सिकोतल्या अस्तेकांच्या भाषेतला. 'तेनामित्ल' म्हणजे तट. त्याला 'को' हा स्थळवाचक प्रत्यय लागला की 'तेनांको', तटाच्या ठिकाणी. स्पॅनिश तोंडात त्याचं 'तेनांगो' झालं. अक्कलकोट म्हणताना आपल्याला तटबंदी आठवत नाही, तसंच तिथेही झालं. हाच शब्द किचे या माया भाषेतही शिरला आणि तिथे 'तिनामित' म्हणजे सरळ गाव. तटावरून तटाआतल्या वस्तीवर अर्थ सरकला. मुंबईचा कोट १८६० च्या दशकात पाडला, पण 'फोर्ट' हे भागाचं नाव राहिलंच ना, तसं.

पुढचा भाग लावला की नावं उलगडतात. चिमाल्ली म्हणजे ढाल, मासात्ल म्हणजे हरीण. केत्साल हा लांब हिरव्या पिसांचा पक्षी. ग्वाटेमालाच्या चलनाचंही तेच नाव. 'वेवे'चा अर्थ बहुतेक जण म्हातारे, पूर्वज असा लावतात.

आता खरा प्रश्न. ग्वाटेमालाच्या डोंगराळ पश्चिमेत लोक बोलतात माया भाषा: किचे, माम, काक्चिकेल. मग गावांना मेक्सिकोच्या भाषेतली नावं कशी? १५२४ मध्ये स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादो हा मुलूख जिंकायला आला तेव्हा त्याच्याबरोबर त्लाश्काला आणि मध्य मेक्सिकोतल्या इतर गावांचे नाहुआत्ल बोलणारे योद्धे मोठ्या संख्येने होते. वाट त्यांनी दाखवली, गावांची नावं त्यांनी आपल्या भाषेत सांगितली, आणि स्पॅनिश कागदांवर तीच चढली. कित्येकदा ते सरळ भाषांतर करत. चिचिकास्तेनांगोचं किचे नाव चुविला. त्यातला 'ला' म्हणजे खाजकुइलीसारखं, अंगाला लागलं की आग करणारं झुडूप, आणि नाहुआत्लमध्येही त्याच झुडपाचं नाव घातलेलं आहे. म्हणजे नाव देणाऱ्याला मूळ नावाचा अर्थ कळत होता. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण जिंकणाऱ्यांच्या कागदात हरलेल्यांचा अर्थ तग धरून राहिला. पुढे स्पॅनिशांनी वर संताचं नाव जोडलं आणि गाव झालं सांतो तोमास चिचिकास्तेनांगो. एका पाटीवर दोन वेगवेगळ्या लोकांचे थर, आणि त्यांच्याखाली तिसरा.

केत्साल्तेनांगोचं मात्र भाषांतर झालेलं नाही. तिथल्या किचे नावात, शेलाहूमध्ये, पक्षी कुठेच नाही. 'शे' म्हणजे खाली, 'लाहूह' म्हणजे दहा: दहांच्या खाली. दहा काय, यावर मतं वेगवेगळी आहेत. कुणी डोंगर म्हणतं, कुणी पंचांगातल्या दिवसाशी जोडतं. त्या शेलाहूचंच तुकडा पडून शेला झालं.

यातला वेगळेपणा लक्षात घ्या. ग्वाटेमालात लांब नावं तोडायची पद्धतच आहे. वेवेतेनांगोचं 'वेवे', मासातेनांगोचं 'मासाते', चिचिकास्तेनांगोचं 'चिची', राजधानीचं 'ग्वाते'. या सगळ्यांत नाहुआत्लचाच पुढचा तुकडा राहतो. केत्साल्तेनांगोचं तसं 'केत्साल' झालं नाही. सुमारे २,३०० मीटरवरच्या या थंड शहरात बाजारातला विक्रेताही शेला म्हणतो, आणि तिथला फुटबॉल संघही शेलाहू या नावानेच खेळतो. केत्साल्तेनांगो राहिलं सरकारी कागदाला.

लिहिण्याबद्दल: शेलाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक्स आहे. स्पॅनिशमध्ये तो एरवी 'क्स'सारखा आणि काही नावांत 'ह'सारखा उच्चारला जातो, पण इथे तो माया लेखनातला आहे, म्हणून उच्चार 'श'. 'झेला' किंवा 'हेला' लिहू नका. 'वेवे'च्या सुरुवातीचा एच अनुच्चारित आहे, म्हणून 'हुएहुए' नको. आणि केत्सालमधला 'त्स' जमत नसेल तर 'चमचा'तला पहिला 'च' म्हणून पाहा, मराठी जिभेला तो आयताच येतो.